तातेरावांचे अकरा आरसे

तातेराव हिवाळ्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं बारा महिने काळी असायची. साबण झाला, रॉकेल झालं, लिंबू चोळून झालं, काही उपयोग नव्हता. चांदीच्या पाण्याचा डाग होता तो. कातडी आपोआप गळून नवी आली तरच जायचा, आणि नवी यायच्या आत तातेराव पुन्हा काच पुढ्यात घेऊन बसलेले असायचे. पंगतीत कुणी नवखा माणूस शेजारी बसला की त्याची नजर आधी त्या बोटांवर जाई. तातेराव सांगत, "शाई न्हाई, चांदी हाय." मग तो माणूस हसे आणि जेवू लागे.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्यांचं दुकान होतं. पुढच्या बाजूला खिडक्यांच्या काचा कापायच्या, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या जोडायच्या, सलूनवाल्यांचे आरसे, लग्नाच्या फोटोंच्या फ्रेमा. घर चालायचं ते यावर. पण त्यांचा जीव होता मागच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे ते कलई करायचे. आरशाच्या पाठीवर चांदीचा पातळ थर असतो, त्याला कलई म्हणतात. शंभर वर्षांत तो थर ओल लागून काळवंडतो, सुटतो, आणि आरसा आंधळा होतो. तातेराव तो जुना थर उतरवत, काच खडूच्या पुडीनं घासून धूत आणि नवी चांदी चढवत. आरसा पुन्हा पाहू लागे. जालना जिल्ह्यात हे हातानं करणारा दुसरा माणूस उरला नव्हता. हे ते स्वतः सांगत नसत, पण त्यांना ते ठाऊक होतं.

ते मूळचे कुंभार पिंपळगावचे. वडील पाटलाच्या शेतात सालगडी. दहावीला गणितात गेले तेव्हा तातेराव जालन्याला एका फ्रेमवाल्याकडे कामाला लागले. शेजारच्या बोळात खाजामियाँ नावाचे म्हातारे उस्ताद कलई करत. त्यांच्या आजोबांना हैदराबादहून कुण्या जहागीरदारानं आणलं होतं, बैठकीतले आरसे राखायला. खाजामियाँची दोन्ही मुलं सौदीला गेली होती आणि परत यायची लक्षणं नव्हती. तातेराव दुपारच्या सुट्टीत दाराशी उभे राहून बघत. महिनाभर म्हातारा काही बोलला नाही. मग एक दिवस म्हणाला, "खडे खडे क्या देख रा? बैठ. मगर जल्दी मत करना. आईना जल्दबाज को मुँह नईं दिखाता." तातेराव बसले ते नऊ वर्षं. उस्ताद गेले तेव्हा त्यांच्या काचेच्या बरण्या आणि पितळी चाळणी तातेरावांकडे आली.

त्या काळात जालन्यातल्या वामनराव वकिलांच्या घरचा दिवाणखान्यातला पुरुषभर उंचीचा आरसा त्यांनी केला होता. दोन दिवस वकिलांच्या अंगणात बसून. वकिलीणबाई अरुंधतीबाईंनी चहा चांगल्या कपात दिला, दुपारी जेवायलाही वाढलं. वकिलांनी फक्त एकदा विचारलं, "हिवाळे म्हणजे कुठले?" तातेराव म्हणाले, "कुंभार पिंपळगावचे." वकील "बरं" म्हणाले. त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांना कळलं होतं. त्या घरची नऊ-दहा वर्षांची मुलगी गंधाली दोन्ही दिवस पायरीवर बसून होती. काचेवर पाणी ओतलं की आधी तपकिरी ढग उठतो, मग त्यातून एकदम आपला चेहरा येतो, हे पाहून ती म्हणाली होती, "काका, परत करा." तातेराव हसले होते. परत करण्यासारखं ते काम नव्हतं.

पंचवीसेक वर्षांनी दिवाळी आटोपल्यावर तीच गंधाली दुकानासमोर गाडीतून उतरली.

"ओळखलंत का काका?"

ती आता पुण्यात घरं आणि हॉटेलं सजवण्याचं काम करत होती. जालन्याच्या बाहेर समृद्धी महामार्गालगत एक मोठं हॉटेल उभं राहत होतं, 'चौसोपी' नावाचं. सगळं जुन्या धर्तीचं: सागवानी खांब, तुळया, कोनाडे, छताला हंड्या. भोजनगृहाच्या लांब भिंतीवर तिला अकरा आरसे हवे होते. मधे एक मोठा, दोन्ही बाजूंना पाच पाच. कारखान्यातले नकोत, हातचे हवेत.

"तुमच्याशिवाय कुणाचं नावच सुचलं नाही," ती म्हणाली. तातेरावांना ते खरं वाटलं, आणि त्या दिवशी ते खरंही असावं.

कलई त्यांची, पण चौकटीला सुतार लागणार होता. त्यांनी अप्पाराव पांचाळला बोलावलं. अप्पाराव पिंपळगावचाच, शाळेत सातवीपर्यंत एका वर्गात. बापजाद्यांनी औत, तिफण, बैलगाड्या केल्या. ट्रॅक्टर आल्यावर अप्पाराव प्लायवूडचे पलंग आणि टीव्हीची कपाटं करू लागला होता. हातात कोरीव काम होतं, पण मागणारं कुणी नव्हतं. चौकटीची नक्षी तातेरावांनी कागदावर काढली. खालची कमान उस्तादांच्या घरच्या मेहराबीची. आणि माथ्यावर एक पान. टोक लांब निमुळतं, शिरा मोजून घ्याव्यात अशा स्पष्ट.

गंधालीनं पहिली चौकट पाहिली तेव्हा ती त्या पानावरून बोट फिरवत राहिली. "हे कुठून सुचलं काका?"

"आमच्या विहाराच्या आवारात बोधीचं झाड हाय. त्याचं पान."

"सुरेख. आपण याला अश्वत्थ म्हणू. माहितीपत्रकात शोभेल."

तातेराव म्हणाले, "म्हणा की. झाड तर तेच हाय." त्यांना खरोखरच त्यात काही वाटलं नाही.

आठ महिने काम चाललं. त्या आठ महिन्यांत तातेरावांनी खिडक्यांची कामं दुसऱ्यांकडे वळवली. सकाळी उठून ते काच धूत, पुन्हा धूत, पाण्याचा थेंब काचेवर गोळा न होता पसरला तरच पुढं जात. मधला मोठा आरसा झाला त्या दिवशी त्यांची बायको प्रभावती अंगणवाडीतून परस्पर दुकानात आली. ती तिथं मदतनीस होती. आरशासमोर उभी राहून तिनं पदर नीट केला.

"मी इतकी सुकली हाय का हो?"

"आरसा खरा हाय म्हणून."

"मंग खोटा करायचा व्हता थोडा," ती म्हणाली, पण हलली नाही. बराच वेळ ती बघत उभी होती. तिच्या माहेरी भिंतीच्या गिलाव्यात बसवलेला तळहाताएवढा तुकडा होता, त्यात एका वेळी एकच डोळा दिसायचा.

काम संपत आलं तेव्हा गंधाली चित्रीकरणासाठी दोन माणसं घेऊन आली. हॉटेलच्या उद्घाटनाला दाखवायची छोटी फिल्म होती. शनिवार होता, सकाळचे अकरा. तातेरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कॅमेरेवाल्यांनी दिवे लावले, पत्र्याची खोली उजळली. त्यांच्या बैठकीमागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा एक आणि बुद्धाचा एक असे दोन फोटो होते. दुकान उघडलं त्या दिवशी पहिल्या दोन फ्रेमा त्यांनी याच केल्या होत्या.

कॅमेरेवाला गंधालीच्या कानाशी काहीतरी बोलला. गंधाली तातेरावांना बाजूला घेऊन म्हणाली, "काका, एक विनंती आहे. मागची भिंत जरा मोकळी हवी होती."

"कॅलेंडर काढतो."

"कॅलेंडर, आणि... ते दोन फोटोही. अर्धा तास फक्त. माझं काही नाही हो, तुम्हाला माहीत आहे. पण हॉटेलचे पाहुणे सगळ्या प्रकारचे. कुणाच्या मनात काही यायला नको, एवढंच."

तातेराव उभे राहिले. बाहेर एक ट्रक गेला, काचा थरथरल्या. कॅमेरेवाला तोवर स्टुलावर चढलाच होता, त्यानं हात लांबवला.

"थांबा," तातेराव म्हणाले. "मी काढतो."

परक्यानं हात लावू नये म्हणून आपण काढले, असं त्यांनी स्वतःला त्या क्षणी सांगितलं. दोन्ही फोटो उतरवून स्वच्छ पंच्यात गुंडाळून त्यांनी लोखंडी कपाटावर ठेवले. मग ते बैठकीवर बसले आणि काचेवर चांदीचं पाणी ओतू लागले. कॅमेरा त्यांच्या हातांजवळ आला. "हातच घेतोय आत्ता," तो माणूस म्हणाला. "चेहरा नंतर घेऊ."

त्यांची मुलगी मोनाली आष्टीच्या एका शाळेत शिकवायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती घरी यायची. त्या दिवशी बसमधून उतरून ती सरळ दुकानात आली आणि मागच्या खोलीच्या दारात थांबली. तिनं दिवे पाहिले, वडिलांचे हात पाहिले आणि मागची भिंत पाहिली. ती पुढे काउंटरशी जाऊन बसली. सगळे गेल्यावर ती आत आली. तातेराव फोटो परत लावत होते.

"कुणी काढले?"

"म्या."

"त्यांनी काढले असते तर मी भांडले असते," मोनाली म्हणाली. "तुम्ही काढले. आता कुणाशी भांडू?"

"अर्धा तास तर होता."

"पप्पा, आजोबांना पाटील म्हणाला होता, घरातला फोटो काढ न्हाई तर उद्यापासून येऊ नको. आजोबा कामावर गेले नाहीत. हे तुम्हीच सांगितलं आम्हाला. सतरा वेळा सांगितलं. त्या साली घरात ज्वारी नव्हती म्हणून सांगितलं. तुमच्याकडं तर सगळं हाय."

तातेरावांनी खिळ्यात दोरी अडकवली, फोटो सरळ केला. त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण जे जे तोंडाशी आलं ते सगळं त्यांच्या बापाच्या तोंडी कधी आलं नसतं, असं त्यांचं त्यांनाच दिसत होतं. मोनाली पिशवी उचलून घरी गेली. कॅमेरेवाले चेहरा घ्यायला पुन्हा आलेच नाहीत.

उद्घाटनाचं आमंत्रण फोनवर आलं. तातेराव आणि प्रभावती दुपारच्या बसनं जालन्याला गेले, तिथून रिक्षानं. प्रभावतीनं भाचीच्या लग्नातली मोरपंखी साडी नेसली होती. मोठ्या फाटकावर यादी घेऊन एक मुलगी उभी होती. तिनं दोनदा यादी पाहिली आणि नम्रपणे म्हणाली, "सर, तुमचं नाव सप्लायरच्या यादीत आहे. ते गेट मागं आहे." गंधालीनं फोन उचलला नाही. मागच्या फाटकातून भाजीच्या क्रेटमधून वाट काढत, स्वयंपाकघराच्या बाजूनं दोघं भोजनगृहात शिरले.

अकराही आरसे लागले होते. तातेरावांनी ते एकत्र कधी पाहिले नव्हते. हंड्यांचा उजेड एका आरशातून दुसऱ्यात जात होता, माणसांचे चेहरे उबदार दिसत होते. ते एकेक आरसा मोजू लागले. मग प्रभावतीनं त्यांची बाही ओढली. मधल्या आरशाखाली पितळी पाटी होती. तिनं अक्षर अक्षर वाचलं: 'अश्वत्थ आरसे. पांचाळ घराण्याची सात पिढ्यांची आरसेकला.'

"हे आपल्या अप्पाचं का?" ती म्हणाली.

तेवढ्यात दिवे मंद झाले आणि भिंतीवर फिल्म सुरू झाली. गुलाबी फेटा बांधलेला अप्पाराव एका जात्याशेजारी बसला होता. तो म्हणत होता, "आमच्या पणज्याच्या पणज्यापासून ही कला आमच्या घरात चालत आली." मग काळी बोटं आली, मोठी, पडदाभर. चांदीचं पाणी ओततायत, काच हलवतायत. तपकिरी ढग उठला, चांदी आली. लगेच अप्पारावचा चेहरा, आरशाकडे समाधानानं पाहणारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हात तर तुमचे हायत," प्रभावती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण शेजारच्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

अप्पारावला वर बोलावून शाल आणि नारळ दिला. शाल घेताना त्याची नजर मागच्या खांबापाशी उभ्या असलेल्या तातेरावांवर गेली. त्यानं मान खाली घातली आणि फोटोसाठी पुन्हा वर केली.

गंधाली शेवटी भेटली. वामनराव वकील आता ऐंशीच्या घरात, खुर्चीत बसले होते, ती त्यांच्याजवळ उभी होती. तातेरावांनी तिला विचारलं, "ताई, आरसे कुणी केले?"

तिनं टाळलं नाही. तिचा चेहरा उतरला, पण ती बोलली. "तुम्ही केले काका. मला माहीत आहे, मी कधीच नाकारणार नाही. पण इथं येणाऱ्यांना एक गोष्ट लागते. परंपरा म्हटलं की लोक बाप, आजा, पणजा विचारतात. तुम्ही एका उस्तादाच्या दुकानात शिकलात. ती गोष्ट मी कशी बसवणार यात?"

"खरी हाय ती."

"हो, खरी आहे."

वकिलांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "हिवाळे, काम उत्तमच आहे तुमचं, त्यात वाद नाही. पण घराणं म्हटलं की..." आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही, की सापडूनही त्यांनी ते गिळलं, कोण जाणे.

गंधाली घाईघाईनं म्हणाली, "काका, नाशिकला यांचंच दुसरं हॉटेल होतंय. वीस आरसे. ते तुम्हीच करायचे, मी शब्द दिलाय."

"त्याच्यावर नाव कुणाचं?"

"ते आत्ताच ठरवायला नको ना."

"मंग न्हाई जमायचं ताई," तातेराव म्हणाले.

पैसे वेळच्या वेळी आले होते, पूर्ण आले होते, त्याबद्दल बोलायला काही जागाच नव्हती. दोघं न जेवता निघाले. अंबड चौफुलीवर बसची वाट बघत प्रभावतीनं बिस्किटाचा पुडा फोडला, अर्धा त्यांच्या हातात दिला. "तिथं बासुंदी व्हती," ती म्हणाली. मग साडीवर पडलेला चुरा झटकत राहिली.

आठ दिवसांनी अप्पाराव दुकानात आला. स्टुलावर बसला, पाणी मागून प्यायला.

"फेटा त्यांनीच आणल्ता," तो म्हणाला. "बोलायचं बी लिहून आणल्तं."

"तू म्हणला न्हाईस, कलई माझी न्हाई म्हणून?"

"म्हणलो की. एकदा म्हणलो. ती ताई म्हणली, काकांना ठाऊक हाय, त्यांची हरकत न्हाई."

"मला इचारायचं व्हतं, अप्पा. फोन हाय माझा तुझ्याकडं."

अप्पारावनं रिकामा पेला खाली ठेवला. "इचारलं असतं तर तू न्हाई म्हणला असतास. तात्या, सात पिढ्या औत घडवून राह्यल्यात आमच्या. बलुत्याला दारोदार फिरल्यात. कुणी शाल घातली न्हाई कुणाला. मला वाटलं, एकदा घालून घ्यावी."

तातेरावांच्या तोंडाशी शिवी आली होती. चाळीस वर्षांच्या ओळखीत दिली नव्हती अशी शिवी. पण त्यांना स्वतःचे हात दिसले, खिळ्यावरून फोटो उतरवणारे. आपल्यालाही काहीतरी हवं होतं म्हणूनच ते उतरवले. पडद्यावर चेहरा हवा होता, गंधालीनं चारचौघांत 'हे आमचे काका' म्हणायला हवं होतं. अप्पानं शालीसाठी गप्प बसून जे केलं, ते आपण तिच्या एका विनंतीवर केलं. कुणाचं जास्त वाईट, हे त्यांना ठरवता येईना. शिवी न देता ते म्हणाले, "जा आता, अप्पा. गिऱ्हाईक यायचंय." गिऱ्हाईक येणार नव्हतं, ते दोघांनाही माहीत होतं.

मोनालीला हे सगळं आईकडून कळलं. रविवारी ती मोबाईल घेऊन वडिलांसमोर बसली. तिनं एक मजकूर लिहिला होता. तातेरावांच्या बोटांचा फोटो, फिल्ममधल्या बोटांचा फोटो, खाली नाव, गाव, उस्तादांचं नाव. "टाकते मी हे. जालन्यातले चार पत्रकार ओळखीचे आहेत."

तातेरावांनी चष्मा लावून सगळं वाचलं. चांगलं लिहिलं होतं. ते म्हणाले, "टाकू नको."

"का?"

"खरं लिहायचं तर सगळंच लिहावं लागंल. भिंतीवरचे फोटो काढले ते बी."

"ते मी लिहिलेलं नाही."

"म्हणूनच टाकू नको."

मोनालीनं मोबाईल उपडा ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे फोटो काढूनही चेहरा दाखवला नाहीच त्यांनी." ते टोचून बोलणं होतं, आणि तिला ते कळलंही, कारण ती लगेच उठून आत गेली. पण शब्द मागं घेतला नाही. त्यानंतर शनिवारी घरी येणं कमी झालं. शाळेत जादा वर्ग आहेत म्हणायची. कधी असायचेही. येई तेव्हा आईशी बोले, स्वयंपाक करे, वडिलांना ताट वाढे. दुकानात मात्र गेली नाही.

नाशिकचे वीस आरसे परराज्यातल्या कुठल्या कारखान्यातून आले. पान यंत्रानं कापलेलं, वीसच्या वीस हुबेहूब एकसारखे. अप्पारावलाही कुणी बोलावलं नाही. त्यानं ती फिल्म मोबाईलमध्ये ठेवली होती, सोयरिकीच्या बैठकीत दाखवायचा, आणि पुन्हा प्लायवूडची कपाटं करू लागला. तातेरावांनी मागच्या खोलीत ॲल्युमिनियमचे पाइप रचले. वर्षाला एखादा जुना आरसा आलाच तर करून देत.

दीड वर्ष गेलं. एका सकाळी अप्पाराव पुन्हा दुकानात आला. या वेळी बसला नाही.

"हॉटेलातून फोन आल्ता मला. आरसे काळे पडून राह्यले. चार. कडंनं डाग आलेत. म्हणतात, येऊन बघा." त्यानं दाराची चौकट धरली. "मला कलई कुठं येते, तात्या."

तातेरावांना बघायच्या आधीच कारण कळलं. पुसणारी माणसं फवारा थेट काचेवर मारत असणार. पाणी खाली ओघळून चौकटीच्या खाचेत मुरतं, तिथून चांदी खात वर चढतं. हे त्यांनी गंधालीला सांगितलं होतं.

प्रभावती म्हणाली, "कशाला जाता? पडू द्या काळे."

"काळे पडले तर काम कच्चं व्हतं म्हणतील."

"म्हणतील तर अप्पाचं म्हणतील. पाटी त्याची हाय."

तातेरावांनी बरण्या पिशवीत घातल्या, चाळणी घातली, खडूची पुडी घातली. प्रभावती बघत होती. शेवटी तिनंच बरण्यांच्या मधे जुनं फडकं कोंबलं, फुटू नयेत म्हणून.

मागच्या फाटकावर नवा पहारेकरी होता, बाहेरच्या प्रांतातला. त्यानं नाव विचारलं. तातेरावांनी सांगितलं. त्यानं वहीत बोट फिरवलं. "ये नाम नहीं है. अप्पाराव पांचाळ लिखा है. आप उनके आदमी हो?"

ऊन चढत होतं. पिशवीचा बंद बोटांत रुतत होता. तातेराव म्हणाले, "हौ. उनकाच आदमी."

धुण्याच्या खोलीमागच्या पत्र्याखाली त्यांना जागा दिली. दोन दिवस ते तिथे बसले. चार आरसे चौकटीतून सोडवले, जुनी चांदी उतरवली, काच धुतली, पुन्हा धुतली. हॉटेलात झाडलोट करणारी कांताबाई चादरी वाळत घालता घालता थांबून बघत होती. पाणी ओतलं, ढग उठला, आणि त्यातून वरचा पत्रा, वाळत घातलेल्या चादरी आणि तिचा स्वतःचा चेहरा आला तेव्हा ती कडेला टेकलीच.

"अय्या, असं व्हय," ती म्हणाली. "तुम्ही त्या पांचाळांचे कोण?"

"त्यांच्याकडं कामाला."

"माणूस कसा हाय? फिल्ममधी लय चांगला दिसतो."

"चांगला हाय," तातेराव म्हणाले.

आरसे परत लावून झाल्यावर त्यांनी तिला बजावलं, "फवारा काचेवर मारू नका. फडक्यावर घ्या, मंग पुसा. अन् कडंला पाणी जाऊ द्यायचं न्हाई." तिनं मान डोलावली. भोजनगृहात तेव्हा कुणी नव्हतं. तातेरावांनी कोरड्या फडक्यानं चारही काचा पुसल्या, वाकून तिरक्या नजरेनं थर एकसारखा बसलाय का पाहिलं. बसला होता. कुठला जुना, कुठला नवा, ओळखू येत नव्हतं.

बाहेर पडताना पहारेकऱ्यानं वही पुढे केली. अप्पाराव पांचाळ या नावापुढे काम पूर्ण झाल्याची सही हवी होती. तातेरावांनी पेन घेतलं. थोडा वेळ ते त्या ओळीकडे बघत राहिले. मागं दुधाची गाडी येऊन उभी होती, तिचा चालक हॉर्न वाजवत होता. मग त्यांनी सही केली. कुणाची आहे ते कुणालाही वाचता येणार नाही, अशी केली.